गो गेज जात नाही

शिनोली, ता. आंबेगाव
२८ सप्टेंबर १९९७

ती. दाजी व ताई यांस,
रत्नदीपचा सप्रेम जयभीम.

आधी आनंदाची बातमी लिहितो, म्हणजे पुढची काळजी वाचताना त्रास होणार नाही. मंचरला अमृतशेठच्या वर्कशॉपमध्ये मला तपासणीचं काम मिळालं आहे. दिवाळीपर्यंत बघू, मग कायम करू, असं शेठ म्हणाले. आधीच्या दोन ठिकाणी काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. एका ठिकाणी मी फार वेळ लावतो म्हणून काढलं आणि दुसऱ्या ठिकाणी मालकाच्या मोजपट्टीवर शंका घेतली म्हणून. आता हेही गेलं तर आई म्हणते, म्हशी राख. पण म्हशीसुद्धा मी दर तासाला मोजीन, हे तिलाही माहीत आहे.

दाजी स्वतः फिटर, त्यांना हे काम ठाऊक आहे. ताईला समजावं म्हणून लिहितो. मोठ्या पंपाची दोन तोंडं जिथं भिडतात तिथं जाड लोखंडी चकत्या असतात. त्या फ्लँज. त्यांच्या भोकांतून मनगटाएवढे जाड, आटे पाडलेले दांडे घालतात. ते स्टड. दोन्ही टोकांना नट आवळले की तोंड मिटलं. आटा जाड राहिला तर नट मध्येच अडकतो. बारीक झाला तर सैल बसतो, आणि आतलं उकळतं पाणी बाहेर. म्हणून माझ्याकडे आतून आटे असलेली दोन पोलादी कडी आहेत. एक गो गेज. ते प्रत्येक स्टडवर नुसत्या हातानं शेवटपर्यंत फिरत गेलं पाहिजे. दुसरं नो-गो. ते अडलं पाहिजे. जाणारं गेलं आणि अडणारं अडलं, की स्टड पास.

स्टड लेथवर कुंडलिकभाऊ करतात. ते अवसरी खुर्दचे, खिशात सदा तंबाखू-चुन्याची डबी. डबा उघडला की पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "खा राव. हिला गेज लावू नको."

आता काळजी. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर आपण सगळे भेटणार, त्यासाठी मला सुट्टी मिळाली आहे. पण गेजच्या कपाटाची चावी कोणाकडे द्यावी? शेठ म्हणतात, कुंडलिककडे. ज्याचे स्टड त्याच्याच हाती गेज, हे बरं दिसतं का? शिवाय आमचे फोरमन हौशीरामनाना यांचा नियम आहे की गेजला ब्रश लावायचा नाही, पत्र्यानं खरवडायचं नाही, फक्त मऊ फडकं. हे कुंडलिकभाऊंना पुन्हा सांगितलं तर त्यांना राग येईल का? दोनदा सांगून झालं आहे.

आपला,
रत्नदीप

ता. क. एखादा शब्द चुकला असल्यास कळवावे.


चंद्रपूर
४ ऑक्टोबर १९९७

पावणं, जयभीम.

तुमचं पत्र तुमच्या ताईनं मोठ्यानं वाचलं. शब्द एकही चुकला नाही, काळजी तेवढी चुकली. चावी द्या आणि गाडीत बसा. गेज म्हणजे काय दुभती म्हैस नाही, तुम्ही दिसला नाहीत म्हणून पान्हा चोरायला. जो माणूस स्वतःच्या डब्यातली पहिली भाकरी देतो तो चावी सांभाळील.

दीक्षाभूमीवर लाखो माणसं असतील. तिथं वंदनेला उभं राहून 'कपाटाला कुलूप लागलं का' असा चेहरा करू नका. लोक विचारतील, ह्यांच्या घरी काय झालं.

माझी आई फुलाबाई विचारते, पोरगं अजून हात दोनदा धुतं का? येताना शिनोलीचा इंद्रायणी तांदूळ आणा. इकडच्या भाताला वास नाही.

समाधान

रत्ना, तांदूळ मी मागितला नव्हता. पण आण. – ताई


मंचर
१४ ऑक्टोबर १९९७

ती. दाजी व ताई यांस,
सप्रेम जयभीम.

नागपूरहून सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेला चिवडा मनमाडच्या आतच संपला, कारण शेजारच्या आजोबांनी मला झोपलेला समजून खाल्ला. मी जागा होतो, पण सांगायचं कसं हे ठरेना.

आज कामावर आलो. माझ्यामागे कुंडलिकभाऊंनी ऑर्डरचे सगळे स्टड करून ओळीनं मांडून ठेवले होते, वरून तेलाचा हात फिरवलेला. मला बघून हसले. "लाव तुझं कडं. न्हाई फिरलं तर नाव बदलीन."

पहिल्या स्टडवर गो गेज लावलं. दीड आटा गेलं आणि थांबलं. काढून पुन्हा लावलं. तिथंच थांबलं. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. मी कुंडलिकभाऊंकडे बघायचं टाळून एकेका स्टडवर खडूनं फुली मारत गेलो. ओळ संपायच्या आधी खडू संपला. नवा आणायला उठलो तेव्हा ते म्हणाले, "आण की. लागंलच."

मग त्यांनी स्वतः गेज लावून पाहिलं. त्यांच्याही हातात थांबलं. हौशीरामनानांनी व्हर्नियर लावला. बाहेरून माप बरोबर आहे, पण आट्याचं पोट व्हर्नियरला कळत नाही. नट लावून बघावा तर नट गिऱ्हाईक स्वतः आणणार आहे. दिवाळी झाली की माल न्यायला त्यांची गाडी येईल.

गेज मी वापरण्याआधी पुसलं होतं. खरं म्हणजे पुसायची गरजच नव्हती. कुंडलिकभाऊंनी ते इतकं चकचकीत करून कपाटात ठेवलं होतं की चावीवरून शंका घेतल्याची मला शरम वाटली.

दाजी, एक विचारतो. जरा जोर लावला तर गेज जाईल असं वाटतं. लावावा का? नियम म्हणतो, नुसत्या हातानं.

आपला,
रत्नदीप


चंद्रपूर
१८ ऑक्टोबर १९९७

पावणं,

जोर लावाल तर याद राखा!

माझ्या आधीच्या नोकरीत असाच एक स्टड कोणीतरी 'जातोय, जातोय' म्हणत बसवला. पुढं पंप उघडायची वेळ आली, तर नट पुढं जाईना आणि मागं येईना. पान्याला लांब पाइप घालून आम्ही सहा जण त्याला लोंबकळलो. शेवटी गॅसनं कापला. त्यात मुकादमाची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी त्यांनी आठवडाभर ठेवली होती, कशाची आशा होती कोण जाणे.

माझं निदान ऐका. मी बघितल्याशिवाय सांगतो, पण बघून सांगणाऱ्यापेक्षा बरोबर सांगतो. दसरा झाला. लेथची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. सणाच्या नादात तुमचे कुंडलिकभाऊ हत्याराला धार लावायचे विसरले. बोथट हत्यारानं आटा जाड राहतो. झालं.

तेव्हा फुल्या पुसू नका. शेठला लेखी द्या. तोंडी दिलेलं वाऱ्यावर जातं.

समाधान

रत्ना, लेखी देण्याआधी कुंडलिकभाऊंशी बोल. ते भाकरी देतात का अजून? – ताई


मंचर
२२ ऑक्टोबर १९९७

ती. दाजी व ताई यांस,
सप्रेम जयभीम.

ताई, तुझी ओळ मी पत्र दोनदा वाचल्यावर पाहिली. तोपर्यंत लेखी देऊन झालं होतं.

शेठनी कागद वाचला आणि लेथपाशी गेले. "कुंडलिक, दिवाळी झाली की दुसरीकडं बघा." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. कुंडलिकभाऊंनी मान हलवली आणि लेथ पुसायला घेतला. हत्याराला धार होती, दाजी. मी विचारलं तेव्हा त्यांनी ते माझ्या नखावर टेकवून दाखवलं. आता डबा लेथच्या मागे एकटे खातात. भाकरी देत नाहीत.

काल त्यांच्या घरच्या साळुबाई डबा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमीच का ते कडंवालं? आवं, ह्यांना झोप न्हाई. झोप लागली की झोपंतबी हात फिरवत्यात. बारा वर्सं झाली हितं, कधी फुली न्हाई बघितली." मी त्यांना पाणी विचारलं.

त्या गेल्यावर मला आठवण झाली. सुट्टीच्या आधी मी जे स्टड पास केले होते ते गिऱ्हाइकाकडे गेले, पण एक नमुन्याला कपाटात ठेवला होता. गो गेज त्याच्यावर आईनं चुडा चढवावा तसं अलगद गेलं होतं, मला नक्की आठवतं. काल पुन्हा लावलं. दीड आटा. थांबलं.

दाजी, याचा अर्थ एकच. मी तेव्हाही चुकलो होतो. कुंडलिकभाऊंचा हात दसऱ्याला बिघडला नाही. माझीच पारख पहिल्या दिवसापासून बिघडलेली. म्हणजे आधी पाठवलेले स्टडही वाईट. ते कुठंतरी पंपाला बसतील आणि तुमच्यासारखी सहा माणसं त्यांना लोंबकळतील. गेज पोलादाचं आहे, ते कसं चुकेल? चुकायला मी आहे.

म्हणून राजीनामा लिहिला आहे. त्यात लिहिलं आहे की कुंडलिकभाऊंना ठेवावे व मला काढावे, आणि गिऱ्हाइकाला कळवावे की जुना माल वापरू नये. हे कळवलं तर ऑर्डर जाईल, हे मला समजतं. न कळवलं तर मला जेवण जाणार नाही. शेठ ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला आणि तिथून पुण्याला गेले आहेत. मंगळवारी, धनत्रयोदशीला परत येतील, तेव्हा हातात देणार. नानांनाही अजून सांगितलेलं नाही.

आज गेज शेवटचं पुसून ठेवलं, तर फडक्याला पिवळट डाग पडला. तेवढा तुकडा कापून सोबत पाठवतो. हा पितळेचा कीस असेल का? गंज इतका पिवळा असतो का? आता उपयोग नाही, पण शंका राहायला नको.

आपला,
रत्नदीप


तार
चंद्रपूर, २७ ऑक्टोबर १९९७

गेजमध्ये हळद. कुंडलिकभाऊंचा चुना फडक्यावर चोळ. राजीनामा देऊ नको. ज्योत्स्ना.


चंद्रपूर
२७ ऑक्टोबर १९९७

चि. रत्ना,

तार आज केली. हे पत्र मागून येईल, पण सगळं लिहिल्याशिवाय मला चैन नाही. आपण दोघं एकाच आईची.

तुझ्या दाजींनी तो तुकडा खिडकीत धरला, हुंगला, भिंग लावलं आणि सांगितलं, "पितळ. शंभर टक्के पितळ." मग चहा मागितला. मी तो तुकडा हातात घेतला. रत्ना, पितळेचा कीस कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण मी रोज दोन वेळा फोडणी देते. सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन वर चोळला. लालभडक झालं. सासूबाई म्हणाल्या, "आगं, ही तर हळद." दाजी म्हणाले, "पितळसुद्धा कधी कधी..." आणि चहा प्यायला लागले.

मग त्यांचंच पत्र मला आठवलं. लेथची पूजा झाली, असं त्यांनीच लिहिलं होतं ना? लेथची झाली तर गेजची झाली नसेल कशावरून? आपल्या घरात यंत्राला कोणी हळद लावत नाही, म्हणून तुला सुचलं नाही. आणि तिथं सगळे दरवर्षी लावतात, म्हणून त्यांनाही सुचलं नाही.

तार लिहून दिली तेव्हा खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "ताई, कोणाची तब्येत?" म्हटलं, "कड्याची."

एक बोलते, राग मानू नको. गेज अडलं तेव्हा तू आधी कुंडलिकभाऊंना धरलंस, मग स्वतःला धरलंस. गेजला एकदाही धरलं नाहीस. ज्याला तोंड नाही त्याच्यावर तुझा फार विश्वास.

त्यांच्या शेजारी जाऊन बस. भाकरी नाही दिली तर मागून घे.

तुझी,
ताई


मंचर
२९ ऑक्टोबर १९९७

ती. ताई व दाजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुमची तार काल सकाळी आली. राजीनामा खिशात होता आणि शेठ यायचे होते. पोस्टमन बहिरूभाऊ सायकल दारातच आडवी टाकून आत आले. "रत्नदीप कोन? तार हाय."

लेथ बंद झाला. ड्रिल बंद झालं. नानांनी डोक्यावरची टोपी काढली. इतके दिवस माझ्याशी न बोललेले कुंडलिकभाऊ उठले, मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"धीर धर, राव. वय काय व्हतं त्यांचं?"

"कोणाचं?"

"आसंल कुनाचं तरी. तार काय उगं येती व्हय?"

मी हात पुढं करायच्या आत नानांनी तार घेतली. एकदा मनात वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा मनात वाचली. मग मोठ्यानं.

"गेजमध्ये हळद."

बहिरूभाऊ आपले सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. "मंग गेलं कोन?" त्यांनी विचारलं.

"कोणी न्हाई गेलं," नाना म्हणाले. "तेच तर दुखणं हाय. गो गेज जात न्हाई."

कुंडलिकभाऊंनी खिशातून तंबाखूची डबी काढली. मी गेज आतून जरा दाबून पुसलं, फडकं त्यांच्यापुढं धरलं आणि त्यांनी नखावर चुना घेऊन डागावर चोळला. आधी नारिंगी झालं. मग कुंकवासारखं लाल. मी फडक्याकडे बघत होतो. कुंडलिकभाऊ खाली बसले.

"आयला," ते म्हणाले, "ती तर मीच लावली."

ताई, त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. "लेथला लावली, ड्रिलला लावली, पान्यास्नी लावली. मग म्हनलं, ह्या पोराचं कडं कपाटात अंधारात बसलंय. पोरगं लांब नागपूरला. दिवाळीला त्याला कायम व्हायचंय. समद्यात कडक द्येव त्योच. म्हनून त्याला लई लावली. वरनं नारळाचं पानी. मग याद आली, तुला डाग आवडत न्हाईत, तर भाईरनं लखलखीत पुसून ठिवलं."

"आणि आतून?"

"आतनं कसं पुसू? तू दोनदा सांगितलं व्हतंस, आत कायबी घालायचं न्हाई म्हनून."

सांगितलं होतं, ताई. दोनदाच.

नानांनी गेज रॉकेलमध्ये बुडवलं. ब्रश नाही हा नियम त्यांनी तेव्हाही मोडला नाही. सुताचा दोरा घेतला आणि आट्याआट्यातून तो हळूहळू ओढून काढला. दोरा पिवळा झाला. आतून नारळाच्या पाण्यात घट्ट बसलेली हळदीची वडी निघाली, आणि तीन अक्षता. त्यातली एक अख्खी होती.

मग कपाटातला नमुन्याचा स्टड घेतला. मी लावणार होतो, पण गेज कुंडलिकभाऊंच्या हातात दिलं. त्यांनी ते टेकवलं आणि दोन बोटांनी फिरवलं. गेलं. शेवटपर्यंत गेलं आणि खाली त्यांच्या तळहातावर उतरलं. नंतर नो-गो लावलं. ते अडलं. मग ओळीतले सगळे केले. सगळे पास. मी फुल्या पुसायला फडकं शोधू लागलो, तेव्हा कुंडलिकभाऊ म्हणाले, "ज्यानं मारल्या त्यानंच पुसाव्यात," आणि मजेत डबा उघडून माझ्यासमोर बसले. मी पुसत होतो आणि ते खात होते. "त्या कडंच्याला राहिलीय थोडी," असं मधूनमधून दाखवत होते. शेवटची फुली पुसली तेव्हा त्यांनी भाकरी माझ्या हातावर ठेवली. हात खडूनं भरलेले होते. मी धुतले नाहीत. फुलाबाईंना हे अवश्य सांगावे.

दुपारी शेठ आले. नानांनी सगळं सांगितलं. शेठ कुंडलिकभाऊंना म्हणाले, "तुम्ही कुठं जाऊ नका." कुंडलिकभाऊ म्हणाले, "मी कुठं चाललोय? कडंसुदिक जायला लागलं, मी हितंच हाय." मग शेठनी माझ्या खिशाकडे बोट केलं. "तो कागद कसला?"

मला खोटं बोलता येत नाही, म्हणून दिला. त्यांनी उभ्यानं सगळा वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. "एवढा भिणारा माणूस तपासणीला दुसरीकडं कुठं मिळायचा? पाडव्यापासून कायम. पण पुढच्या वेळी कागद लिहिण्याआधी गेज धुवायचं."

संध्याकाळी निघताना कुंडलिकभाऊंनी विचारलं, "आता फुडच्या दसऱ्याला रं?"

मी म्हटलं, "कपाटाला लावा. हवी तेवढी लावा."

"आन कड्याला?"

मी विचार केला. "कड्याला नुसती भाकरी दाखवा."

ते इतके हसले की साळुबाई रस्त्यावरून आत डोकावल्या.

आपला,
रत्नदीप

ता. क. कागद वाया जाऊ नये म्हणून हे पत्र त्याच राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आणि वरच्या दोन पानांवर लिहिलं आहे. पुढची बाजू कृपया वाचू नये.


चंद्रपूर
३ नोव्हेंबर १९९७

पावणं, जयभीम आणि अभिनंदन.

पुढची बाजू आधी वाचली. आईला वाचून दाखवली. शेजारच्यांना बोलावून दाखवली. इतका स्वच्छ राजीनामा या वसाहतीत आजवर कोणी लिहिलेला नाही. म्हणून तोच उतरवून, खाली माझं नाव घालून, तुमच्या ताईपुढं ठेवला. घरातल्या तपासणी खात्याच्या कामात बघितल्याशिवाय निदान केल्याबद्दल आणि हळदीला पितळ म्हटल्याबद्दल मी निदानाच्या पदावरून मुक्त होऊ इच्छितो, असा.

तिनं तो शांतपणे वाचला, घडी घालून डब्याखाली ठेवला आणि तुम्ही नागपूरला आणून दिलेला तांदूळ सुपात घालून माझ्यापुढं सरकवला. म्हणाली, निदान राहू द्या, खडे तरी बघा.

पावणं, मी दाणा दाणा बघितला. एक खडा निघाला नाही. आख्ख्या पिशवीत तुटका दाणासुद्धा नाही. शिनोलीहून निघायच्या आधी कोणीतरी तो दोनदा निवडलेला आहे, आणि त्याबद्दल आम्हाला एक शब्दही लिहिलेला नाही.

भात आज खाल्ला. सरळ गेला.

समाधान